कोर्लईहून कोण गेलं?

कोर्लईकरणीला कोणी परका माणूस भेटला, की ती त्याला नाव, गाव, नोकरी यांतलं काही विचारत नसे. आधी कान देऊन त्याचं बोलणं ऐकायची. त्यात एखादा ओळखीचा शब्द लागला, की कमरेवर हात ठेवून विचारायची, "तुमच्यातलं कोण गेलं कोर्लईहून? आजा का पणजा?" माणूस ब्राझीलचा असो नाहीतर आफ्रिकेचा, तिला फरक पडत नसे. समोरचा गोंधळायचा, ती गोंधळायची नाही. सात-आठ वर्षं आमची ओळख होती. तेवढ्या काळात तिनं निम्मं जग कोर्लईतून बाहेर काढलं आणि मी ते परत कोर्लईच्या बाहेरच ठेवायची खटपट करत राहिले. दोघींनीही हार मानली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कोर्लई हे अलिबागच्या खाली, रेवदंड्याच्या खाडीपलीकडचं लहानसं गाव. डोंगरावर किल्ला, खाली चर्च, आणि चर्चच्या आजूबाजूला राहणारे ख्रिस्ती लोक आपसात एक भाषा बोलतात, जी शेजारच्या गावालाही कळत नाही. किल्ला पोर्तुगीजांनी बांधला. पुढे ते गेले, किल्ला पडायला लागला, भाषा मात्र राहिली. ते लोक तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. मी खाडीच्या अलीकडची, रेवदंड्याची. तिकडच्या बायका आमच्या बाजारात वाल आणि वांगी घेऊन यायच्या. त्या आपसात काय बोलतात ते आम्हाला कळायचं नाही, म्हणून आम्हाला फसवायचा बेत चाललाय असंच आम्ही धरून चालायचो. पन्नास वर्षं मी खाडीच्या या बाजूला काढली आणि एकदाही विचारलं नाही, की बायांनो, ही भाषा आहे तरी कुठली. ते विचारायला मला कुवेतला जावं लागलं, तेही विमानानं.

माझा मुलगा श्रीकांत तिकडे तेलाच्या कंपनीत इंजिनियर. इराकची लढाई होऊन तीन-चार वर्षं झाली होती. सुनेला नोकरी लागली आणि नातू सांभाळायला मला बोलावून घेतलं. सलवा नावाच्या भागात तिसऱ्या मजल्यावर घर होतं. खाली उतरलं की जमिया, म्हणजे तिथलं सहकारी दुकान. त्या दुकानात पहिल्याच आठवड्यात एक बाई काकड्या निवडताना दिसली. उंच, काळीसावळी, डोक्याला रुमाल. काकडी उचलायची, दाबून बघायची, पिशवीत टाकायची आणि मोजायची, "दोय, त्रेय, क्वात, सिंक." चेहरा अनोळखी होता, पण हे मोजणं मी ओळखलं. आमच्या बाजारात वांगी अशीच मोजली जात.

मी म्हटलं, "खाडीपलीकडची ना गं तू?"

तिच्या हातातली काकडी हातातच राहिली. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आणि तू बाजारातली. भाव पाडणारी."

आमची ओळख अशी झाली. नाव मारी. नवरा वारलेला, एकुलती एक मुलगी फिलू हिचं गावातच लग्न लावून दिलेलं, आणि त्यानंतर ही कुवेतला आलेली. आमच्या बिल्डिंगशेजारी एका कुवेती कुटुंबाचा व्हिला होता, तिथे ती मुलं सांभाळायची आणि स्वयंपाक करायची. मालकीण भली होती. शुक्रवारी तिला चर्चला सोडायची आणि संध्याकाळी जमियातून येताना अर्धा तास आमच्याकडे बसली तर ओरडायची नाही. त्या व्हिल्यातली बारकी पोरं जिना उतरताना पायऱ्या मोजायची, तीही 'दोय, त्रेय, क्वात' अशीच. मारी मला ते अभिमानानं ऐकवायची. मी म्हणायचे, "त्यांच्या आईला कळलं तर?" ती म्हणायची, "आईच शिकली. आता दिनार बी तसेच मोजते."

मारीनं भाषांची कामं वाटून दिली होती. मोजायचं, देवाशी बोलायचं आणि स्वतःशी बडबडायचं ते आपल्या भाषेत. मालकिणीशी बोलायला मोडकी अरबी, ड्रायव्हरशी हिंदी. भांडायला मराठी. मी विचारलं, तुमच्या भाषेत भांडता येत नाही का? ती म्हणाली, "येतं की. पण तिच्यात भांडलं तर देवाला बी कळतं." कुवेतात सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चही शुक्रवारी भरायचं. रविवार शुक्रवारी येतो या गोष्टीचं मला पुष्कळ दिवस नवल वाटे. तिला वाटत नसे. तिच्या मते वार हे सरकारचं काम होतं.

ब्राझील तिला चर्चच्या आवारातच सापडलं. एका क्लबाच्या मुलांना फुटबॉल शिकवायला आलेला एक धिप्पाड माणूस आपल्या पोरीला ओरडत होता, पळू नकोस, पडशील. मारीला ते सगळं कळलं. कळल्यावर ती त्याच्या मागोमाग थेट त्याच्या गाडीपर्यंत गेली. त्या बिचाऱ्याला वाटलं, बाईला कुठेतरी सोडायचंय. त्यानं दार उघडून दिलं. ही आत बसली आणि विचारलं, आजा का पणजा? अर्ध्या तासानं तो तिला आमच्या बिल्डिंगखाली सोडून गेला. तिचं म्हणणं, दहातले सहा शब्द तिला कळले आणि उरलेले चार तो चुकीचे बोलला.

वर येऊन तिनं मला बातमी दिली, की जुझे आजा सापडला. हा जुझे आजा म्हणजे तिच्या पणजीचा भाऊ. फार जुन्या काळी कोण्या जहाजावर खलाशी म्हणून गेला, तो परत आला नाही. घरच्यांनी त्याला मेला समजून प्रार्थना केली होती. तो मेला नव्हता, तर ब्राझीलला गेला होता, हे मारीनं त्या दिवशी ठरवून टाकलं.

मी श्रीकांतला विचारून ठेवलं होतं, ब्राझील केवढं. म्हटलं, "मारी, आपल्या देशाच्या अडीचपट तो देश. एकट्या माणसानं एवढा देश?"

"काकी," ती म्हणाली, "तो कोर्लईचा व्हता."

पुढे तिला मोझांबिकची एक बाई भेटली, आमेलिया. कुवेतच्याच शर्क भागातल्या एका हॉटेलात चादरी धुवायच्या कामाला. मासळी बाजारात पापलेटावरून दोघींची जुंपली आणि भांडता भांडता कळलं की दोघींना एकमेकींच्या शिव्या समजतायत. त्यानंतर दोघी गळ्यात गळे घालून हिंडायला लागल्या. मी आमेलियाला बघितलं आणि मारीला बाजूला घेऊन म्हटलं, ही काही कोर्लईची वाटत नाही हो. मारी म्हणाली, "गाव सोडलं की माणूस बदलतो. तू नाय जाडी झालीस हितं येऊन?" मी जाडी झाले होते.

गोव्याचे लोक चर्चमध्ये पुष्कळ होते. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना ही भाषा थोडीफार येई. पण मारी त्यांना धरत नसे. तिच्या मते गोवा फारच जवळ होतं, जवळच्या माणसाला काय विचारायचं.

मी चौथीपर्यंत शिकलेली. फार नाही, पण चौथीच्या इतिहासात पोर्तुगीज येतात. एकदा मी तिला बसवून नीट सांगितलं. म्हटलं, मारी, हे उलटं आहे. पोर्तुगीज लोक त्यांच्या देशातून जहाजानं आले. त्यांनी आपल्याकडे किल्ले बांधले. तुमच्या लोकांनी त्यांच्याकडून भाषा घेतली. तसेच ते ब्राझीलला गेले, आफ्रिकेत गेले, तिकडच्यांनीही घेतली. म्हणून तुम्हाला एकमेकांचं कळतं. तुझ्या जुझे आज्याचा यात काही संबंध नाही.

ती शांतपणे ऐकत होती. हातातल्या खुबूसचा, म्हणजे तिथल्या रोटीचा, तुकडा चहात बुडवला, खाल्ला, आणि म्हणाली, "जहाजानं आले ना?"

"हो."

"किती दिवस लागायचे?"

"सहा महिने लागत असतील."

"सहा महिने दर्यावर राहिलेला माणूस बोलायचं विसरतो, काकी. माझा नवरा आठ दिवस मासेमारीला जायचा, तर घरी येऊन दोन दिवस गप. ते आले, मी कुठं नाय म्हणते? पण आले तेव्हा मुके आले. आमच्या लोकांनी त्यांना बोलायला शिकवलं. मग ते गेले सगळीकडे शिकवत."

मी चौथी पास. तिनं शाळेचं तोंडही बघितलेलं नाही. तरी त्या दिवशी उठून चहा गरम करायला मीच गेले.

हे सगळं गंमतीत चाललं होतं. ते गंमतीचं राहिलं नाही, त्याला एक कॅसेट कारण झाली. त्या काळी फोन महाग होता आणि आमच्याकडच्या कित्येकांना लिहिता येत नसे. म्हणून लोक कॅसेट भरून पाठवायचे. सुट्टीवर जाणाऱ्याच्या हाती कॅसेट द्यायची, येणाऱ्याच्या हाती उलट कॅसेट यायची. मारीला तर कॅसेटवाचून दुसरा मार्गच नव्हता, कारण तिची भाषा लिहायचीच सोय नव्हती. ती गावाहून निघाली त्यानंतर फिलूला मुलगी झाली होती. रेजिना नाव, घरात रेजी. मारीनं तिला फोटोतच बघितलेलं. आता ती तीन वर्षांची होऊन बोलायला लागली होती आणि तिचा आवाज पहिल्यांदा येणार होता. मारी ती कॅसेट ऐकायला आमच्याकडे आली, कारण टू-इन-वन, म्हणजे रेडिओसकटचा टेप, आमच्याकडे होता. चर्चला जाताना नेसायची ती साडी नेसून आली होती.

कॅसेटमध्ये रेजीनं अंगणवाडीतलं गाणं म्हटलं. मराठीत. मग 'आजी, तू कधी येशील, मला बाहुली आण' असं म्हटलं, तेही मराठीत. मग फिलू बोलली. तीही मराठीतच बोलली, आणि सांगितलं, की मास्तर म्हणाले घरात ती भाषा बोलू नका, पोर शाळेत मागे पडेल. म्हणून आता आम्ही घरात मराठीच बोलतो, तूही कॅसेट मराठीत भर.

मी म्हटलं, मास्तर बरोबर बोलले. मारी साडीच्या निऱ्या सारख्या करत बसली. मला बोलणारी माणसं गप्प बसलेली आवडत नाहीत. मी म्हटलं, "अगं, तुला काय मराठी येत नाही? बोल की नातीशी मराठीत."

"मराठीत मी भाजी विकते," मारी म्हणाली. "नातीला काय भाव सांगू?"

मग तिनं आमच्या आतल्या खोलीकडे बोट केलं. तिथे माझा नातू टीव्ही बघत होता. "तुझा तरी तुझ्याशी मराठीत बोलतो का?"

तो बोलत नव्हता. मी मराठीत विचारायचे, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. जेवलास का विचारलं तर 'येस', आणखी वाढू का विचारलं तर 'नो'. एवढं इंग्रजी मला येत होतं, त्यामुळे आमचं अडत नव्हतं. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "व्हय. दुकानदाराशी बी माझं अडत नाय."

हे बोलणं मला लागलं. लागलं म्हणून मी तिला मदत केली, दया आली म्हणून नाही.

तिनं ठरवलं, की फिलूला पुरावा पाठवायचा. ही भाषा खेड्यातली बोली नसून जगभर चालणारी आहे, मोठमोठे साहेब ती बोलतात, हे त्या साहेबांच्याच तोंडून ऐकवायचं. मग फिलू पोरीला शिकवेल, मास्तर काही का म्हणेना. नव्वद मिनिटांची कॅसेट आणली. रेकॉर्ड करायचं तर लाल बटण आणि शेजारचं बटण एकदम दाबावं लागे. ते दाबलं की मारीची वाचाच बसायची, म्हणून बटणं दाबायचं काम माझ्याकडे आलं. मी टू-इन-वन जमियाच्या पिशवीत घालून शुक्रवारी तिच्याबरोबर चर्चच्या आवारात जाऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा चर्चला गेले, ते असं.

फुटबॉलवाला चांगला होता. लाजत लाजत दहा मिनिटं बोलला. बोलण्याआधी मारी त्याला शिकवत होती, की सुरुवातीला आजा कोर्लईचा होता असं सांग. तो मान हलवून ब्राझीलबद्दलच बोलत राहिला. मी मध्येच म्हटलं, "तो नाही म्हणतोय ना, मग कशाला त्याच्या तोंडात घालतेस? नाक बघ की त्याचं. आणि एकट्या माणसानं एवढा देश?" टेपवर मला मराठीत उत्तर द्यायचं नाही असं मारीनं ठरवलं होतं; तिनं जुझे आज्याचं सगळं आपल्याच भाषेत ऐकवलं आणि बोटानं खुणावलं, तू बटण सांभाळ. तो संपवेना, तेव्हा मी म्हटलं, "पुरे आता, टेप संपेल." आमेलियाला हॉटेलच्या मागच्या दारात गाठलं. ती तर गाऊ लागली आणि दोघी नाचायलाच लागल्या. मी पुन्हा म्हटलं, पुरे आता, टेप संपेल. कोणीतरी हे म्हणायला हवंच होतं. ब्याटऱ्या मी आणल्या होत्या.

सगळ्यात मोठा पुरावा श्रीकांतनं आणला. त्याच्या कंपनीत सहा महिन्यांसाठी एक इंजिनियर आला होता, खुद्द पोर्तुगालचा. पस्तिशीचा, चष्मेवाला, सभ्य. श्रीकांतनं त्याला जेवायला बोलावलं. मारी मालकिणीची परवानगी काढून आली आणि त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसली. मी लाल बटण दाबलं.

मारीनं विचारलं, कोण गेलं होतं कोर्लईहून? त्यानं श्रीकांतकडे बघितलं. मग तो इंग्रजीत सांगत गेला आणि श्रीकांत आम्हाला मराठीत. त्यानं सांगितलं ते असं. त्याच्या देशाच्या वरच्या अंगाला डोंगराळ मुलूख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमचे शिपाई तिथे आले, ते लॅटिन बोलायचे. तिथल्या लोकांनी ती लॅटिन आपल्या तोंडाला बसेल तशी मोडून घेतली. मोडत मोडत तिची ही भाषा झाली. मग ती डोंगरातून खाली समुद्रापर्यंत आली आणि समुद्रावरून जहाजात चढली. ब्राझीलला गेली, अंगोला, मोझांबिकला गेली, गोव्याला आली, पार चीनच्या किनाऱ्यापर्यंत आणि तिमोर नावाच्या बेटापर्यंत गेली. जिथे जहाज थांबलं तिथे थोडी थोडी उतरली. कोर्लईलाही अशीच उतरली असणार.

मी मारीला म्हटलं, "ऐकलंस? मी काय सांगत होते?"

मारीनं विचार केला. "म्हणजे ह्यांची बी शिपायांनी आणलेली," ती श्रीकांतला म्हणाली. "स्वतःची नाय. मग हा मला काय सांगतो?"

श्रीकांतनं ते इंग्रजीत सांगितलं. तो पाहुणा इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्यानं तिला तिच्याच भाषेत बोलायला सांगितलं. मारी बोलू लागली. ती तिच्या घराबद्दल बोलत असावी, कारण हातानं कौलं दाखवत होती. तो आधी हसत ऐकत होता, मग हसायचा थांबला. हातातली पोळी ताटात ठेवली. श्रीकांतला म्हणाला, हे वाक्य पुस्तकातलं नाही, आमच्याकडे कोणी आता असं बोलत नाही, पण यातला एक शब्द माझी आजी अगदी असाच म्हणायची. ती डोंगरातली होती.

"आजी कोर्लईची," मारीनं मला सांगितलं, आणि तो विषय तिच्यापुरता संपला. त्याच्याबद्दल तिला नंतर वाईटच वाटत राहिलं. म्हणायची, "चांगला पोरगा. पण परदेशात राहून भाषा बिघडली. प्रत्येक शब्दाला शेपूट लावतो."

त्या रात्रीचं जेवण आणि बाकीचं सगळं मिळून कॅसेट भरली. पाठवण्याआधी मी एकदा लावून बघितली आणि माझं डोकं फिरलं. साहेब लोक लांबून पुटपुटल्यासारखे येत होते आणि माझा आवाज ढणढणीत. टेप माझ्या मांडीवर असायचा ना. एकट्या माणसानं एवढा देश? तो नाही म्हणतोय ना? नाक बघ की त्याचं. आणि दर दहा मिनिटांनी, पुरे आता, टेप संपेल. मी म्हटलं, मारी, हे पुसून पुन्हा भरू. पण पोर्तुगालवाला परत गेला होता आणि गावचा माणूस दुसऱ्या दिवशी निघणार होता. कॅसेट तशीच गेली. माझ्या भांडणानं तिचा पुरावा नासला असं मला वाटत राहिलं. मी तिला ते बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवण्यासारखं काय होतं, तिनं ऐकलं होतंच.

फिलूकडून काही उत्तर आलं नाही. पुढच्या कॅसेटमध्ये बाहुली मिळाली असं आलं, तेही मराठीत. मारीनं मला कॅसेटबद्दल पुन्हा विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. आणखी चार-पाच वर्षं ती राहिली. मग व्हिल्यातली पोरं मोठी झाली, तिचे गुडघे गेले आणि मालकिणीनं तिला दोन मोठ्या पेट्या भरून देऊन घरी पाठवलं. निघायच्या दिवशी ती तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आली. मी म्हटलं, गुडघे दुखतायत तर कशाला चढलीस, मी खाली आले असते. ती म्हणाली, "तुला सांगायला आले, की विमानात एखादा भेटला तर त्याला बी विचारीन." पदर खोचला आणि पायऱ्या मोजत उतरली. आकडे सेंतापर्यंत, शंभरापर्यंत जातात, पण आमच्या जिन्याला तेवढ्या पायऱ्या नव्हत्या.

त्यानंतर काही वर्षांनी मीही परतले. नातू शिकायला कॅनडात गेला. तो फोन करतो, 'हाय आजी' म्हणतो, पुढे काय बोलायचं ते त्याला सुचत नाही आणि मलाही नाही. माझी चूक एवढीच, की त्याच्यासाठी मी कधी कोणाशी भांडले नाही.

रेवदंड्याला आल्यावर कळलं, मारी आदल्या वर्षीच गेली. मी रडले वगैरे नाही. साठी उलटलेली बाई, गुडघे, ब्लडप्रेशर, जायचीच. पण एकदा पूल ओलांडून कोर्लईला जायचं ठरवलं. सहा आसनी रिक्षातून उतरले, घर विचारत गेले आणि कुंपणाशी उभी राहून हाक मारली, "फिलू आहे का घरात?"

ओसरीवर बारा-तेरा वर्षांची एक पोरगी अभ्यास करत होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि आत ओरडली. काय ओरडली ते मला कळलं नाही. आपल्या भाषेत ओरडली.

फिलू हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "काकी ना तुम्ही? कुवेतवाल्या? ती सांगतेय, भांडणारी बाई आली."

मग फिलूनं चहा केला आणि सगळं सांगितलं. ती कॅसेट तिनं आईचं मन राखायला एकदा लावली होती. साहेब लोकांचं तिला काही वाटलं नाही. ब्राझीलला बोलतात म्हणून इथल्या शाळेत मार्क थोडेच मिळणार? पण रेजीला त्या कॅसेटचं वेड लागलं. का, तर त्यात एक बाई सारखी भांडत होती. तिचं भांडण मराठीत, ते पोरीला कळायचं. आजीचं उत्तर मात्र आपल्या भाषेत, ते कळायचं नाही. अर्धंच भांडण कळलं तर कोणाला चैन पडेल? रोज कॅसेट लावायची आणि रोज फिलूला विचारायची, आता आजी काय म्हणाली? मग आजी काय म्हणाली? फिलू सांगून सांगून कंटाळली आणि शेवटी त्याच भाषेत बोलायला लागली. फीत तुटेपर्यंत कॅसेट वाजली. आता ती देवापुढे ठेवली आहे. मारी परत आली तेव्हा नात तिच्याशी तिच्याच भाषेत बोलली. काही शब्दांना शेपटं होती, ती मारीनं वर्षभरात तोडून काढली.

मी म्हटलं, मला एका शब्दानं कळवलं नाही कोणी.

फिलू हसली. "आई म्हणायची, काकीला सांगू नका. तिला वाटेल ती जिंकली."

रेजी इतका वेळ माझ्याकडे टक लावून बघत होती. आता उठली, कमरेवर हात ठेवले आणि मराठीत म्हणाली, "काकी, तुमच्यातलं कोण गेलं कोर्लईहून?"

"आमच्यातलं कोणी नाही," मी म्हटलं. "आम्ही रेवदंड्याचे."

"खाडी ओलांडली की रेवदंडा. गेलंच असणार कोणतरी."

"आणि पोर्तुगीज?"

"ते मुके आले व्हते."

मी चहा पीत राहिले. तीही तशीच उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. फिलूनं हळूच मला सांगितलं, "काकी, ती थांबलीय. तुमचं वाक्य आहे ना पुढचं."

मी कप खाली ठेवला. "आणि ब्राझील?" मी म्हटलं. "एकट्या माणसानं एवढा देश?"

मग ती तिच्या भाषेत बोलू लागली. जुझे आज्याचं नाव आलं, जहाज आलं असावं, हातवारे सगळे मारीचे. बराच वेळ बोलली. मला एक अक्षर कळलं नाही. शेवटी तिनं दम घेतला, कुंपणाच्या बाहेर जमलेल्या दोन-तीन पोरांकडे बघितलं, आणि गावातली सगळी पोरं म्हणे आता गोष्ट संपवताना जे म्हणतात ते म्हणाली. तेवढं कळलं, कारण ते माझं होतं.

"पुरे आता, टेप संपेल."